मुलांच्या गळ्यातले वसंत देसाई

बुटीबोरीत राहणाऱ्या माणसाने संगीतावर लिहावे, याचे नागपूरकर रसिकांस थोडे नवल वाटेल. आमचे गाव वर्धा मार्गावरचे, आगगाडीच्या फाट्याचे आणि आता कारखान्यांचे. इथे मैफली क्वचितच. परंतु सकाळी शाळा भरतेवेळी रस्त्याने गेले, की भिंतीपलीकडून जो सूर ऐकू येतो तो पुष्कळदा वसंत देसायांचा असतो. गाणाऱ्या पोरांना ते नाव ठाऊकही नसते. संगीतकाराच्या वाट्याला याहून मोठी कीर्ती कोणती यावी?

देसायांचा जन्म १९१२ साली कुडाळजवळच्या सोनवडे गावचा. भजन आणि दशावतार ज्या मुलखाच्या अंगवळणी पडले आहेत तिथला. पुढे ते ‘प्रभात’मध्ये शिकले, शांतारामबापूंच्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. ते सारे सर्वश्रुत आहे. मला बोलावयाचे आहे ते मुलांसाठी झटलेल्या देसायांविषयी. शाळेतल्या पोरांना समूहगीते शिकवण्यात या नामांकित माणसाने आपला बहुमोल वेळ घालवला, आणि त्याचे मोल आपल्या समीक्षकांनी फारसे केलेले नाही.

‘श्यामची आई’तले (१९५३) छडीचे गाणे आठवा. शब्द अत्र्यांचे. ते गंभीरपणे वाचले तर छडीचे स्तोत्रच वाटावे. पण चाल अशी खेळकर, की मार खाणारे पोरच मास्तरांची फिरकी घेत आहे असे वाटते. शब्दांना सुराने दिलेली ही कोपरखळी मला फार आवडते.

‘दो आँखें बारह हाथ’ची (१९५७) प्रार्थना तर गंमतीचीच गोष्ट. चित्रपटात ती सहा खुनी कैद्यांच्या संगतीत येते. आणि देशभरच्या शाळांनी ती उचलली! ‘गुड्डी’तली (१९७१) प्रार्थना मात्र मुळातच शाळेची. तिच्यावर केदाराची छाया आहे. केदार म्हणजे दोन मध्यमांचा, वाकड्या चालीचा राग. नवशिक्याच्या हाती कोणी तो प्रथम देत नाही, भूप किंवा दुर्गा देतात. देसायांनी तोच केदार छोट्या छोट्या तुकड्यांत, श्वासाला जागा ठेवून, हरकती-मुरक्यांची नक्षी वगळून असा मांडला, की तिसरीतले पोर तो सहज गाते. आपण राग गातो आहोत हे त्याला कळत नाही. कळायची गरजही नाही.

जर्मनीत कार्ल ऑर्फ (१८९५-१९८२) यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाचा असाच ध्यास घेतला होता. १९२४ साली म्युनिकच्या ग्युंटर विद्यालयात त्यांनी काम सुरू केले. बोलणे, नाचणे, टाळ्या आणि लाकडी पट्ट्यांची वाद्ये यांतून मूल स्वतः संगीत घडवते, हे त्यांचे सूत्र. पाच सुरांपासून आरंभ, म्हणजे चुकण्याची धास्ती नको. देसायांपाशी असली वाद्ये नव्हती. आमच्या शाळांपाशी आजही बहुधा एक पेटी, तीही भात्याला भोक पडलेली. त्यांच्यापाशी होते ते गळे. तथापि एक भेद मला खटकतो. ऑर्फचे मूल स्वतः रचते. देसायांचे मूल दिलेले गाते. समूहगानात शिस्त येते, एकसुरीपणाचा धोकाही येतो, आणि देसायांच्या चाहत्यांनी हे मान्य करावयास हवे.

दुसरी तक्रार देसायांवर नव्हे, आपल्यावर आहे. हल्ली एका शाळेत (नाव सांगत नाही) प्रार्थनेच्या वेळी ध्वनिमुद्रिका लावतात. मुले हात जोडून उभी, आणि गातात लताबाई. लताबाईंच्या पट्टीत अंतरा चढला, की सोबत गाणाऱ्या दोन-चार पोरांची किंचाळी होते, मग तीही गप्प बसतात. ज्या माणसाने हजारो मुलांना तोंड उघडायला शिकवले, त्याच्याच गाण्याने मुले मुकी व्हावीत!

उपाय साधा आहे. यंत्र बंद करावे, पेटीवर पट्टी दोन सुरांनी उतरवावी, आणि पहिली ओळ मास्तरांनी गावी. मास्तरांचा सूर थोडा हलला तरी चालेल. पोरे तो सावरून घेतात.