टाच, मनाई आणि 'गोठवणे' : नादारीच्या परिभाषेतील एक घोटाळा

दिवाळे निघालेल्या ऋणकोची वादग्रस्त मालमत्ता निकाल लागेपर्यंत जागची हलू नये म्हणून न्यायालय जो हुकूम देते, त्याला अलीकडे मराठी वृत्तपत्रे सरसकट 'मालमत्ता गोठवली' असे म्हणू लागली आहेत. शब्द सुटसुटीत आहे, रूढही झाला आहे. परंतु ज्या निरनिराळ्या कायदेशीर क्रिया त्याच्या पोटात कोंबल्या जातात त्यांचा विचार केला, तर त्याने अर्थाची हानीच केली आहे असे म्हणावे लागते. मराठीत तूप गोठते, खोबरेल गोठते, रक्त गोठते. गोठणे हा पदार्थाच्या अवस्थेतील बदल होय. मालमत्तेची अवस्था काही बदलत नाही. बदलतो तो तिच्याशी असलेला माणसांचा संबंध, आणि नेमका कोणाचा, हे 'गोठवणे' सांगत नाही.

जुनी परिभाषा ते सांगत असे. 'मालमत्तेवर टाच' येते आणि 'मालकाला मनाई' होते. पहिल्या प्रयोगात हुकुमाचा रोख वस्तूवर आहे, दुसऱ्यात व्यक्तीवर. आणि हा भेद केवळ विभक्तीचा नव्हे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत निकालापूर्वीची टाच आदेश 38 मध्ये येते, तात्पुरती मनाई आदेश 39 मध्ये. टाच आल्यावर मालकाने खाजगी विक्री केली, तर कलम 64 अन्वये ती टाचेखाली बजावता येणाऱ्या हक्कांपुरती निरर्थक ठरते. मनाई मोडणाऱ्याला मात्र तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगाची शिक्षा होऊ शकते. टाच हे बिनतारणी कर्जाला तारणी कर्ज बनविण्याचे साधन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या प्रकरणी बजावले, त्याचेही मर्म हेच आहे. टाचेने वस्तू जागी राहते. धनकोच्या घरी जात नाही.

गंमत अशी की, ज्या इंग्रजीतून हे रूपक आले तेथेही ते फसवेच आहे. इंग्लंडमधील न्यायालयांनी 1975 साली मारेव्हा या जहाज कंपनीच्या प्रकरणातून रूढ केलेल्या हुकुमाला 1999 च्या नव्या नियमांत 'गोठवणारा' हे विशेषण मिळाले. वस्तुतः तो बंधनात घालतो प्रतिवादीला, त्याच्या मालमत्तेला नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर त्याच वर्षी बिनतारणी धनकोला असा हुकूम देण्याचा अधिकारच पाच विरुद्ध चार मतांनी नाकारला.

परभणी जिल्ह्यातील वालूरसारख्या, बारवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावी या परिभाषेचा आणखी एक थर सापडतो. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील कचेरीची भाषा उर्दू. टाचेला तिकडे 'कुर्की', मनाईला 'हुक्मे इम्तिनाई'. मुंबई इलाख्याच्या मराठीतही 'जप्ती' अरबी आणि 'नादारी' फारसीच. तेव्हा परकेपणाचा आक्षेप येथे गैरलागू आहे. (नादारी म्हणजे मूळात काही नसणे. शाळेत 'नादारी' मिळाली म्हणून हर्षभरित झालेल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात होऊन गेल्या. त्यांना न्यायालयातल्या नादारीचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.) जुने शब्द परके असूनही भेद राखत होते, नवा शब्द देशी असूनही तो पुसतो, हा खरा आक्षेप आहे.

त्याचे परिणाम शब्दकोशापुरते राहत नाहीत. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे कलम 14 एकीकडे धनकोंचे दावे व वसुली थांबविते, दुसरीकडे कंपनीलाही मालमत्ता हस्तांतरित करू देत नाही. हिंदीने याला 'अधिस्थगन' म्हटले; मराठी वृत्तांत मात्र 'स्थगिती', 'मोरेटोरियम' आणि 'गोठवणे' यांत घुटमळतात. उलट महाराष्ट्राच्या 1999 च्या ठेवीदार संरक्षण अधिनियमात जप्तीचा आदेश प्रसिद्ध होताच कलम 4 अन्वये मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याकडे निहित होते, म्हणजे विशेष न्यायालयाच्या पुढील आदेशापर्यंत त्याच्या स्वाधीन जाते. दिवाणी टाचेत असे होत नाही. इंग्रजी मूळ दोन्हींना एकच शब्द वापरते, हा मूळाचा दोष. पण मराठीजवळ टाच आणि जप्ती हे दोन शब्द असताना तो दोष आपण मुद्दाम आयात करावा, हे समर्थनीय नाही.

नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात हीच रेघ निर्णायक ठरली. 2013 साली सुमारे 5,600 कोटी रुपये थकले आणि सुमारे 13,000 गुंतवणूकदार अडकले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ठेवीदार अधिनियमाखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारणी धनकोंचा अग्रहक्क चालत नाही आणि कलम 14 ची स्थगितीही ठेवीदारांच्या हुकूमनाम्यांची बजावणी अडवीत नाही. 'मालमत्ता गोठवली' एवढेच वाचणाऱ्याला मात्र ती कोणासाठी राखली गेली हे कळण्याचा मार्ग नाही. ती बँकेसाठी राखली असेल, ठेवीदारासाठी असेल किंवा दोघांच्याही आवाक्याबाहेर असेल.

1998 पासून महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. वालूरच्या एखाद्या कास्तकाराच्या हाती त्या भाषेतली नोटीस येते, तेव्हा पेरणीचे बी, औते आणि बैल कलम 60 नुसार टाचेतून वगळलेले आहेत, हे त्याला कळणे अगत्याचे असते. 'तुमची मालमत्ता गोठविण्यात आली आहे' या वाक्यात त्या बियाण्याला जागा नाही. 'अमुक गटातील जमिनीवर टाच आणली आहे, ती विकू अगर गहाण ठेवू नये' या वाक्यात ती आपोआप निघते.