थर्मामीटर आणि दिगू टिपणीस

ताप मोजताना थर्मामीटर लावल्या लावल्या काढत नाही आपण. का? कारण त्याचं आणि शरीराचं तापमान आधी सारखं व्हावं लागतं. म्हणजे मोजणारी वस्तू स्वतःही तापते. भौतिकशास्त्रात याला औष्णिक समतोल म्हणतात. जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९) समजून घ्यायला मला हीच कल्पना उपयोगी पडते.

अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. मुख्यमंत्र्यांच्या (अरुण सरनाईक) खुर्चीवर अर्थमंत्री विश्वासराव (श्रीराम लागू) टपलेले. कामगार पुढारी, स्मगलर आपापल्या डावात. या सगळ्यांमधून फिरतो पत्रकार दिगू, म्हणजे निळू फुले.

परवा स्वारगेटच्या खोलीवर सिनेमा संपल्यावर रूममेट म्हणाला, "दिगू तटस्थ आहे रे." मला नाही पटत. आतली बातमी हवी तर नेत्यांच्या दिवाणखान्यात बसावंच लागतं, आणि तिथली धग अंगात शिरतेच. निळू फुले हे बोलून दाखवत नाहीत. थकलेल्या नजरेत ते साठत जातं. म्हणून शेवटी दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो ते नाटकी वाटत नाही. पारा नळीच्या टोकाला पोचलाय, एवढंच.

एक तक्रार आहेच. दिगूच्या बातम्या वाचणाऱ्या माणसाकडे सिनेमा फारसा वळत नाही. ताप मोजून झाला, पण आकडा बघणारा कुठेय? आम्हा पीएचडीवाल्यांना हा प्रश्न जरा जास्तच टोचतो.