नेणिवेतील नियंत्रण : एका दाव्याची चिकित्सा

चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत डुलकी घेणारा प्रवासी बोरिवली येताच नेमका जागा होतो, हा उपनगरांतील नित्याचा अनुभव. नेणीवही नियंत्रण करते, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो. विरारपर्यंत झोपून गेलेल्यांची गणना मात्र कोणी करीत नाही. जेरुसलेमचे मानसशास्त्रज्ञ रान हासिन यांनी २०१३ मध्ये याहून व्यापक प्रतिपादन केले. जाणिवेला साध्य असणारे प्रत्येक मूलभूत उच्च कार्य नेणीवही करू शकते, असे त्यांचे म्हणणे.

या भूमिकेस बळ देणारा एक प्रयोग हाकवान लाउ व रिचर्ड पासिंगहॅम यांचा (२००७). शब्दाचा अर्थ पाहायचा की उच्चार, हे एका आकृतीने सुचविले जाई. तिच्याआधी क्षणभर दाखविलेल्या, सहसा लक्षात न येणाऱ्या विरुद्ध आकृतीनेही काम मंदावले आणि मेंदूच्या अग्रभागातील नियंत्रक क्षेत्रावर परिणाम दिसला. तथापि आकृतींचे अर्थ सहभागींना आधी जाणीवपूर्वकच शिकविलेले होते. नेणिवेने तयार नियम राबविला, एवढेच यातून सिद्ध होते.

विसंगती ओळखून पुढील कृतीत सावध होणे ही अधिक कठोर कसोटी होय. विल्फ्रीड कुंडे यांना (२००३) न जाणवलेल्या विसंगतीनंतर अशी सावधता आढळली नाही. सिमोन व्हान गाल व सहकाऱ्यांना (२०१०) ती आढळली. पुरावा असा दुभंगलेला असताना 'प्रत्येक कार्य' हे विधान अतिव्याप्त ठरते.

हा वाद प्रयोगशाळेपुरता नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवरील साहाय्यक इशारा यंत्रणेत मोटरमनने इशारा स्वीकारल्याचे कळविले नाही, तर ब्रेक आपोआप लागतात. परंतु सवयीचा हात कळ दाबू शकतो आणि लक्ष अन्यत्र असू शकते. लंडनमधील लॅडब्रोक ग्रोव्ह येथे ५ ऑक्टोबर १९९९ रोजी इशाऱ्याची कळ दाबली जाऊनही गाडीने लाल सिग्नल ओलांडला. ३१ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत सिग्नलची सदोष दृश्यता व अपुरे प्रशिक्षण हेही पुढे आले. म्हणून एकट्या चालकावर दोष ठेवणे अन्याय्य होईल.

यातून निष्पन्न होते ते असे : नेणीव रुळलेली वाट सांभाळते, पण अनपेक्षित वळणावर तिच्यावर विसंबता येत नाही. कळ दाबली गेली याची नोंद म्हणजे जाणीव जागी असल्याचा पुरावा नव्हे. विश्रांती, प्रशिक्षण आणि सिग्नलची सुस्पष्टता यांना म्हणूनच पर्याय नाही.