तुकडा आणि सांधा : बिदरच्या भिंतींवरील एक विसरलेली कला

मोझॅक हा शब्द मराठी घरात आला तो फरशीवाल्याच्या दुकानातून. संगमरवराची खडी सिमेंटात कालवायची, साच्यात दाबायची, वाळली म्हणजे घासून गुळगुळीत करायची. अशी जी ठिपक्याठिपक्यांची फरशी आपल्या चाळींत, शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत अंथरली गेली, तिलाच आपण मोझॅक म्हणत आलो. कोशकारांनी ‘कुट्टिमचित्रण’ असा भारदस्त शब्द दिला आहे खरा, पण तो कोशाबाहेर फारसा पडला नाही. यात फरशीवाल्याचा काही अपराध नाही. त्याने खडी विकली, चित्र विकण्याचा आव आणला नाही. अपराध कोणाचा असलाच तर तो आपल्या कलाविचाराचा आहे. तुकडे जोडून चित्र घडवण्याची एक फार मोठी कला आपल्या अगदी दारात होऊन गेली आणि तिच्याविषयी मराठीत दोन शब्द बोलावे असे आपल्याला क्वचितच वाटले.

या कलेची कसोटी काय? नुसते तुकडे चिकटवले म्हणजे मोझॅक झाले, असे मानले तर गच्चीवर चिनीमातीचे फुटके कप लावणारा गवंडी आणि इटलीतल्या राव्हेन्ना येथे सहाव्या शतकात प्रार्थनामंदिरांच्या भिंती सजवणारे कारागीर एकाच पंगतीला बसतील. (गवंड्याला मी कमी लेखत नाही. पावसाळ्यात गच्ची गळू न देणे हीही एक विद्याच आहे.) राव्हेन्नाच्या कारागिरांनी काचेचे चिमुकले तुकडे ओल्या चुन्यात सपाट न बसवता किंचित तिरके बसवले. त्यामुळे प्रत्येक तुकडा उजेड आपापल्या दिशेने परतवतो आणि सबंध भिंत श्वास घेतल्यासारखी वाटते. म्हणजे चित्र तुकड्यांनी भरलेले नाही, ते तुकड्यांतून उगवलेले आहे. तुकड्याला स्वतःचा आकार, स्वतःची धार, स्वतःचे तेज असावे आणि दोन तुकड्यांमधला सांधा ही केवळ फट न राहता चित्राची रेषा व्हावी, एवढी अपेक्षा ज्या कामात पुरी होते त्याला मी मोझॅक म्हणेन.

हल्ली भव्यतेची आवड वाढली आहे. निलंग्याला २०१९ साली शेतात रोपे उगवून छत्रपती शिवाजी महाराजांचे प्रचंड चित्र साकारण्यात आले आणि ते पाहायला माणसे लोटली. त्या कष्टांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण अशा कामात चित्र आधी कागदावर पुरे झालेले असते आणि शेत ते फक्त मोठे करून दाखवते. आकाशातून पाहिल्याशिवाय ते दिसत नाही, आणि जवळ गेले की ते उरत नाही. खरे मोझॅक दुरून एक असते आणि हाताच्या अंतरावर दुसरेच असते. ही दुसरी भेट त्याची खरी परीक्षा.

या परीक्षेला उतरणारे काम पाहायला लातूर-नांदेडच्या माणसाला इटलीला जावे लागत नाही. बिदर गाठले की पुरे. आज मध्ये राज्याची सीमा आहे म्हणून बिदर परके वाटते. पण उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे आले आणि १९८२ साली लातूर जिल्हा निराळा झाल्यावर त्यात गेले. भालकी-औरादकडच्या गावांत आजही मराठी कानी पडते. नांदेडचे आणि बिदरचे नाते तर त्याहून वेगळे. पंचप्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बिदरचे. हुजूर साहिबाचे दर्शन घेऊन यात्रेकरू बिदरच्या नानक झिऱ्याकडे जातात. या वर्दळीत बिदरच्या भिंतींकडे कोणी दोन घटका पाहिले तर तेवढीच कमाई.

महमूद गावानचा मदरसा १४७२ सालचा. गावान हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातून आलेला. बहामनी राज्याचा वजीर झाला, राज्य वाढवले, विद्वान गोळा केले, आणि १४८१ साली दरबारी कारस्थानाला बळी पडून सुलतानाच्या हुकुमाने मारला गेला. मदरशाची दर्शनी बाजू पूर्वेला. तिच्या दोन टोकांना दोन मिनार होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमलात, दारूच्या स्फोटाने दक्षिणेकडचा मिनार आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा उडाला. उत्तरेचा मिनार उभा आहे. त्याच्या अंगावर निळ्या-हिरव्या-पिवळ्या-पांढऱ्या फरश्यांचे नागमोडी पट्टे अजून शिल्लक आहेत. जिथे फरशी गळली तिथे खालचा चुना दिसतो, आणि मला तर ही गळलेली जागाच अधिक बोलकी वाटते. काम कसे केले होते ते तिथे उघडे पडते.

ही विद्या इराणची. काशान गावच्या नावावरून झिलईदार फरशीला ‘काशी’ म्हणतात. आपल्या काशीविश्वेश्वराशी त्याचा संबंध नाही. आधी एकेका रंगाच्या फरश्या निरनिराळ्या भाजून घ्यायच्या : कोबाल्टाचा गडद निळा, तांब्याचा आकाशी, कथलाचा दुधी पांढरा. प्रत्येक रंगाला आपली आच लागते. एकाला मानवेल ती दुसऱ्याला जाळते किंवा कच्ची ठेवते. म्हणून प्रत्येकाची भट्टी वेगळी, आणि म्हणूनच त्या रंगांचे तेज एवढे निखळ. मग नक्षी कागदावर पूर्ण मापाने काढायची, कागदाचे तुकडे कापायचे, ते फरशीवर चिकटवायचे आणि त्या आकाराबरहुकूम फरशी छिन्नीने टिचवत आणायची. पाकळी, वेलीचे वळण, अक्षराची शेपटी, सगळे असे टिचवून काढलेले. कडा कानशीने घासायच्या, पण सरळ नव्हे. वरून खाली आत उतरत्या. त्यामुळे दर्शनी बाजूला दोन तुकडे केसाएवढीही फट न ठेवता भिडतात आणि मागच्या बाजूला दोघांमध्ये पाचरीसारखी जागा राहते. तुकडे नक्षीवर पालथे मांडायचे आणि पाठीवर पातळ गिलावा ओतायचा. तो त्या पाचरींत शिरून सर्वांना धरतो. असा तयार झालेला तक्ता उचलून भिंतीला लावायचा.

म्हणजे कारागीर सारे चित्र उलटे, पाठीकडून मांडतो. आपले काम कसे झाले आहे हे तक्ता सुलटा होईपर्यंत त्याला पाहता येत नाही. पैठणी विणणारा विणकर कित्येकदा असाच उलट्या बाजूने काम करतो, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको.

पुढे इराणात या कामाला सोपी वाट सापडली. एकाच फरशीवर सगळे रंग भरायचे, ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये तेलकट काळी रेघ ओढायची आणि सारे एकाच आचेवर भाजायचे. त्याला ‘हफ्त रंग’, सात रंग, म्हणतात. काम झपाट्याने होते, खर्च वाचतो. पण सर्व रंगांना एकच आच म्हणजे कोणालाच नीट आच नाही. आणि रेघ ही कापलेली राहत नाही, काढलेली होते. तुकडा गेला, सांधा गेला, राहिले फरशीवरचे चित्र. मदरशाची थोरवी अशी की तो या तडजोडीच्या अलीकडचा आहे.

तरीही मदरसा हे बिदरचे सर्वोत्तम काम आहे असे मला वाटत नाही. हे विधान धाडसाचे आहे, याची जाणीव आहे. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी १९४७ साली बिदरच्या वास्तूंवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्यावाचून या विषयात कोणाचे पाऊल पुढे पडत नाही. मोजमापे, शिलालेख, वर्णने, सर्व काही तेथे आहे. पण यझदानींची नजर पुन्हापुन्हा इराणकडे जाते. जे तिकडच्यासारखे, ते त्यांना अधिक भावते. त्या मापाने मदरसा पहिला येणारच. दख्खनच्या मापाने तो पाहुणा आहे. त्याच्या भिंतींना खालच्या मातीची दखलच नाही. कोरड्या मुलखात शेकडो वर्षे टिकणारी ही झिलई इथल्या पावसाला तोंड देते तेव्हा सांध्यातून पाणी मागे शिरते, गिलावा फुगतो, तुकडा सुटतो. स्फोटाने जे केले ते एका क्षणात; पावसाळे ते दरवर्षी थोडे थोडे करत आले.

पाहुणा घरचा कसा झाला ते पाहायचे तर आधी अष्टूरला जावे. बहामनी सुलतानांच्या कबरी तिथे ओळीने आहेत. १४५८ साली वारलेल्या अल्लाउद्दीन अहमदशहाच्या कबरीवर निळ्या छटांच्या फरश्या आहेत, पण कमानींना किनार आहे ती कोरीव काळ्या दगडाची. निळ्याला काळ्याचा काठ! इराणी कारागिराला हे सुचले नसते, कारण त्याच्यापाशी हा दगड नव्हता. हा दगड आपला. देगलूर तालुक्यातल्या होट्टलच्या चालुक्यकालीन देवळांत, निलंग्याच्या देवळात आपल्या पाथरवटांनी त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झुंज घेतली होती. हत्यार बोथट करणारा, पण एकदा वश झाला की धार न सोडणारा असा तो दगड.

आणि मग किल्ल्यातला रंगीन महाल. मूळ बांधणी बहामनी काळातली. आजचे रूप बव्हंशी अली बरीदच्या कारकिर्दीतले, म्हणजे १५४२ ते १५८० मधले. इथे फरश्यांचे काम आहे, लाकडाचे कोरीव खांब आहेत. परंतु आतल्या दालनाच्या दारापाशी जे आहे त्यापुढे बाकीचे फिके पडते. आरशासारखा घोटलेला काळाभोर दगड, आणि त्यात शिंपल्याच्या तुकड्यांनी जडवलेल्या वेली, फुले, फारसी ओळी. काटेकोर बोलायचे तर हे जडावकाम आहे, मोझॅक नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. शिंपला वाकडा आणि पातळ. त्याचा मोठा सपाट तुकडा निघतच नाही. म्हणून एकेक वेल लहान लहान तुकडे जुळवूनच सिद्ध करावी लागते, आणि प्रत्येक तुकड्यासाठी त्या हट्टी दगडात त्याच मापाचे घर कोरावे लागते. फरशीच्या कामात चूक झाली तर दुसरा तुकडा टिचवता येतो. इथे दगडात एक टवका जास्त उडाला की दुरुस्ती नाही. मदरशात सांधा गिलाव्याने सांभाळला होता. इथे तो दगडाने सांभाळला आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात शिंपला उजळला, तो काळ्या दगडाच्या मांडीवर बसून. इराण आणि दख्खन यांचा खरा सांधा मला इथे दिसतो.

काळ्यावर पांढरे हे या प्रदेशाच्या डोळ्यांत मुरलेले आहे की काय, असे मला नेहमी वाटते. बिदरी कामही तसेच. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करायचे म्हणजे नक्षीची रेघ उठून दिसते. मग टाकीने खोदायचे, खाचेत चांदीची तार ठोकायची, घासून सपाट करायचे आणि शेवटी नवसागर घातलेल्या किल्ल्यातल्या मातीच्या पाण्यात उकळायचे. जस्त काजळासारखे काळे होते, चांदीला काही होत नाही. रंगीन महालातून बिदरी निघाली असा पुरावा माझ्यापाशी नाही आणि तसा दावाही नाही. पण दोन्ही कामे शेजारी ठेवली तर ती एका घरची आहेत हे सांगायला पंडित लागत नाही. शेणाने सारवलेल्या काळपट अंगणात या दिवसांत पांढरी रांगोळी घालणाऱ्या मुलींनाही ते कळेल.

बिदरी जगली. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना या कामासाठी पद्मश्री मिळाली. टिचवलेल्या फरशीचे काम मात्र मेले. दोघींच्या नशिबात हा फरक का पडावा? हुक्का, पानदान, सुरई विकत घेणारे गिऱ्हाईक दरबार बुडाल्यावरही उरले होते. भिंत विकत घेणारा कोणी उरला नाही. सुलतानाखेरीज ज्या कलेला गिऱ्हाईक नव्हते ती सुलतानाबरोबर गेली; कारागिरांचा हात हुकला म्हणून ती गेलेली नाही. आज कोणी म्हणेल, कारखान्यातल्या रंगीत फरश्या यंत्राने कापून मदरशाची भगदाडे बुजवा. माझे मत स्पष्ट आहे : भगदाड राहू द्यावे. हाताने कडा उतरत्या घासणारा माणूस पुन्हा तयार होईल तेव्हा त्याला ती मोकळी जागा आणि तिच्यातला जुना चुना वाचता आला पाहिजे. तसा माणूस तयार करण्यासाठी लातूर-नांदेडच्या कलाशाळांतून मुलांचा एखादा वर्ग वर्षातून आठ दिवस बिदरला नेऊन बसवला, छिन्नी-कानस हाती दिली, तर खर्च फार येणार नाही.

घरच्या मंडळींना घेऊन जायचे तर उदगीरवरून जावे आणि मदरसा सकाळी पाहावा. ऊन समोरून असते तेव्हाच मिनाराचे पट्टे जागे होतात. रंगीन महालाला पुष्कळदा कुलूप असते. पुरातत्त्व खात्याच्या माणसांना विचारून ते उघडून घ्यावे. आत अंधार आहे. डोळे थोडे सरावू द्यावेत, आणि मग दारासमोर एका जागी उभे न राहता हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकावे. शिंपला आधी राखी दिसतो, दोन पावलांवर हिरवट होतो, आणखी एका पावलावर गुलाबी. आणि दगड आपला काळाच राहतो.