'कोवळी पानगळ' आणि संगणकीय आरोग्यनोंदी : एक चिकित्सा

महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी खेड्यांत व काही शहरी झोपडपट्ट्यांत प्रत्यक्ष मोजणी करून राज्यात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावत असल्याचा अंदाज मांडला. शासकीय आकडा याहून पुष्कळ कमी होता. अहवालाचे शीर्षक हृद्य असले तरी निर्दोष नाही. पानगळ हा ऋतुधर्म होय. 'कोवळी' या विशेषणात अकालीपणाची सूचना आहे खरी, तथापि हे मृत्यू टाळता येण्याजोगे होते, हा अहवालाचा मुख्य आशय तीतून व्यक्त होत नाही.

अहवालाचे सामर्थ्य त्याच्या मोजणीत आहे. येथे मृत्यूची नोंद करणाऱ्यास त्या मृत्यूचा जाब द्यावा लागणार नव्हता. शासकीय यंत्रणेत मात्र नोंद करणारी परिचारिकाच उत्तरदायी ठरते. साहजिकच, जन्मानंतर काही तासांत गेलेले मूल 'उपजत मृत' म्हणून नोंदविण्याचा मोह त्या रचनेतच दडलेला असतो.

२००८ साली केंद्राच्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीचे संकेतस्थळ सुरू झाले. पाठोपाठ गर्भवतींचा नावनिशीवार मागोवा घेणारी प्रणाली आली आणि २०२१ साली पोषण ट्रॅकर व आयुष्मान भारत डिजिटल मिशन. या प्रणालींनी आकड्यांचा वेग वाढविला. आकडा देणारा आणि मागणारा यांचे नाते मात्र जुनेच राहिले. वर्णभेदोत्तर दक्षिण आफ्रिकेत ओस्लो विद्यापीठाच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या जिल्हा आरोग्य माहिती प्रणालीमागे माहिती जेथे जमते तेथेच ती वापरली जावी, असा आग्रह होता. आपल्याकडे माहितीचा प्रवाह प्रामुख्याने वरच्या दिशेने वाहतो.

नवी मुंबईसारख्या स्थलांतरितांच्या शहरात आणखी एक अडचण संभवते. तुर्भे वा दिघा येथील वस्तीत नाव नोंदविलेली मराठवाड्याची स्त्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. जन्ममृत्यूची नोंद कायद्याने घटनास्थळी व्हावयाची. म्हणजे गर्भवती एका जिल्ह्यात आणि मूल दुसऱ्या. त्यातच कागदोपत्री कोठे माहेरचे नाव, कोठे सासरचे. माहेरपणाची रूढी गृहीत न धरणाऱ्या प्रणालीत अशी स्त्री 'संपर्काबाहेर' ठरते, आणि तिचे मूल दगावले तर ते कोणत्याच वस्तीच्या हिशेबात येत नाही.

२०२१ साली राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. त्यांच्या गाऱ्हाण्यांत निकृष्ट यंत्रांइतकीच इंग्रजीतून माहिती भरण्याच्या सक्तीची तक्रार होती.