दोन ठिपक्यांचा घोळ
कार्यालयीन पत्रं जरा चाळून बघा. वर 'विषयः', खाली 'संदर्भ :-', कोपऱ्यात 'दिनांक:'. एकाच पानावर तीन तऱ्हा! तुम्ही म्हणाल, बिघडलं काय? वाचणाऱ्याचं काहीच नाही. पण पहिल्या शब्दाला चिकटलेले ठिपके अपूर्णविराम नव्हेत, तो विसर्ग आहे, 'दुःख'मधला. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांकच वेगळा, ०९०३. संगणकाच्या लेखी 'विषयः' हा निराळाच शब्द. पत्रांतले विषय वेचणारा माझा प्रोग्राम अशी पत्रं गुपचूप गाळत होता, आणि एरर नाही! आकडे ठीकठाक दिसत राहिले, हे जास्त वाईट.

टंकलेखकाला मात्र दोष देववत नाही. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर कोलनच्या कळीवर 'छ' उमटतो. मग हात विसर्गाकडे जाणारच. नमुनापत्रातच खरा अपूर्णविराम टाकून ठेवला, तर तो शोधावाच लागणार नाही.