आत्मगौरव कीं आत्मस्वीकार?

डॉ. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारज्ञांचें 'द मिथ ऑफ सेल्फ-एस्टीम' हें पुस्तक २००५ सालीं प्रसिद्ध झालें. इतक्या वर्षांनंतर त्याचा परामर्श घेण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन घरगुती आहे. कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या वस्तींतील एका पालकसभेस आम्ही श्रोते म्हणून गेलों होतों. वक्त्यांनीं मुलांचा 'आत्मगौरव' वाढविण्याचा मोठ्या कळकळीनें उपदेश केला. मुलाच्या प्रत्येक कृतीची स्तुति करा, आपण श्रेष्ठ आहों असें त्याला वाटूं द्या, म्हणजे त्याचें मन निरोगी राहील, असा त्या भाषणाचा मथितार्थ होता. तेव्हां मागच्या बांकावरील एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "अहो, मुलाला गणितांत पस्तीसाला दोन कमी पडले, तर त्या दिवशीं कशाची म्हणून स्तुति करूं?" सभेंत हंशा पिकला, आणि वक्त्यांनीं वेळ संपल्याचें निमित्त करून भाषण आटोपतें घेतलें. आम्हांला मात्र तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं. एलिस यांचें पुस्तक म्हणजे या एका प्रश्नाचें सविस्तर उत्तर आहे, आणि तें उत्तर आमच्या मतें बारा आणे बरोबर आहे.

ग्रंथकर्त्याची ओळख थोडक्यांत करून देणें अवश्य आहे. एलिस यांचा जन्म १९१३ सालीं पिट्सबर्ग येथें झाला, व ते वाढले न्यूयॉर्क शहरांत. लहानपणीं मूत्रपिंडाच्या विकारामुळें त्यांना वारंवार रुग्णालयांत राहावें लागलें. स्वभाव अतिशय बुजरा. एकोणिसाव्या वर्षीं या बुजरेपणावर त्यांनीं स्वतःच एक उपाय योजिला: ब्रॉन्क्समधील वनस्पति-उद्यानांत जावयाचें, आणि बांकावर एकटी बसलेली स्त्री दिसली कीं तिच्याशीं बोलावयास आरंभ करावयाचा. महिन्याभरांत शंभराच्या वर स्त्रियांजवळ त्यांनीं हा प्रयोग केला. पुन्हां भेटण्याचें वचन एकीनेंच दिलें, आणि तीहि आली नाहीं! पण नकार मिळाल्यानें आभाळ कोसळत नाहीं हें त्यांना कळून चुकलें, आणि भीति गेली. १९५५ पासून त्यांनीं जी विवेकनिष्ठ उपचारपद्धति प्रचारांत आणिली तिचें बीज त्या बागेंत आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. २००७ सालीं ते वारले. प्रस्तुत पुस्तक नव्वदी ओलांडलेल्या माणसाचें आहे, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांतील पुनरुक्ति सह्य होते. मराठी वाचकांना हें नांव अगदींच अपरिचित नाहीं. किशोर फडके यांनीं ही विचारसरणी आपल्याकडे पुष्कळ वर्षें शिकविली आहे, आणि अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी अनेकांनीं वाचिली असेल.

एलिस यांचें म्हणणें असें. आत्मगौरव, म्हणजे स्वतःविषयींचें चांगलें मत, नेहमीं अटींवर मिळतो. परीक्षेंत पहिला आलों म्हणून मी थोर. लोकांनीं वाहवा केली म्हणून मी थोर. उद्यां दुसरा आलों, वाहवा थांबली, कीं मी क्षुद्र. वर असतांनाहि सुख नाहीं, कारण खालीं येण्याचें भय सुटत नाहीं. यास्तव स्वतःला गुण देण्याचा हा व्यवहारच बंद करावा, असें ते सांगतात. गुण कृतीला द्यावेत. उत्तर चुकलें, वर्तन वाईट होतें, हें खुशाल म्हणावें. परंतु तेवढ्यावरून सबंध 'मी'ची किंमत ठरवूं नये. ज्यांना एवढें कठीण वाटेल त्यांच्यासाठीं ते एक सोपी वाटहि ठेवितात: मी जिवंत आहें आणि माणूस आहें, एवढ्याच कारणासाठीं मी स्वतःला चांगला म्हणेन. ही वाट तर्काच्या कसोटीस पुरती उतरत नाहीं, हें ते स्वतःच कबूल करितात. हा प्रांजलपणा आम्हांस आवडला.

अमेरिकेंत आत्मगौरवाचें वेड किती बळावलें होतें, हें सांगितल्यावांचून या पुस्तकाचा आवेश समजावयाचा नाहीं. नॅथॅनिएल ब्रँडन यांच्या १९६९ मधील ग्रंथानें या कल्पनेस मोठी लोकप्रियता दिली. १९८६ सालीं तर कॅलिफोर्निया राज्यानें आत्मगौरव वाढविण्याच्या विचारासाठीं एक सरकारी समितीच नेमिली! पुढें २००३ सालीं रॉय बाउमायस्टर व त्यांचे सहकारी यांनीं तोंवरच्या संशोधनाची छाननी केली, तेव्हां आत्मगौरव वाढविल्यानें अभ्यास सुधारतो, यास आधार सांपडला नाहीं. म्हणजे आमच्या पालकसभेंत जें नवें म्हणून सांगितलें जात होतें, तें तिकडे जुनें होऊन तपासलेंहि गेलें होतें.

पुस्तकांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो भाषेविषयींचा विचार. तो एलिस यांनीं आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांच्या १९३३ सालच्या 'सायन्स अँड सॅनिटी' या ग्रंथावरून घेतला आहे. माणसाच्या एका कृतीवरून 'तो अमुक आहे' असें म्हणण्याची जी खोड भाषेला आहे, ती अनर्थाचें मूळ होय. मराठीपुरतें पाहूं. दुपारीं निकाल लागतो तेव्हां 'मुलगा नापास झाला', ही एक घडलेली गोष्ट असते. संध्याकाळपर्यंत 'तो नापास आहे' असें होतें. दुसऱ्या दिवशीं पाहुण्यांसमोर 'आमचें हें नापास कार्टें' असें त्याचें नांवच पडतें. एका दिवसांत क्रियापदाचें विशेषण झालें! 'ढ' या शब्दाची गोष्टहि तशीच. ब्राह्मी लिपीपासून हें अक्षर फारसें बदललें नाहीं, म्हणून न सुधारणाऱ्या विद्यार्थ्यास 'ढ' म्हणूं लागले, अशी एक उपपत्ति सांगतात. ती खरी असो वा नसो, शब्द वापरणाराच्या मनांतील भाव तिनें बरोबर पकडला आहे: हा आतां बदलावयाचा नाहीं.

या बाबतींत दुसऱ्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका परत देतांना भर वर्गांत आम्ही म्हणालों, "तुझ्या हातून कधीं कांहीं व्हावयाचें नाहीं." पत्रिका वाईट होती, यांत शंका नाहीं. पण आम्ही पत्रिकेविषयीं बोललोंच नव्हतों. पुढील सत्रास तो आला नाहीं. त्याचें कारण दुसरेंहि असूं शकेल. परंतु आम्हीं चौकशी केली नाहीं, आणि ती आमची दुसरी चूक.

आतां आक्षेप. स्वतःला आहे तसें स्वीकारलें म्हणजे माणूस आळशी व निगरगट्ट होईल, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांसहि वाटत असे. या शंकेस उत्तर म्हणून एलिस यांच्या युक्तिवादापेक्षां अण्णासाहेब कर्वे यांचें १९१५ मधील 'आत्मवृत्त' अधिक समर्थ आहे, असें आम्हांस वाटतें. आपला स्वभाव संकोची आहे, हें कर्वे यांनीं स्वतःच नमूद केलें आहे. त्यांनीं त्याबद्दल ऊर बडविला नाहीं, कीं त्याचें भूषणहि मिरविलें नाहीं. आणि हाच संकोची मनुष्य अनाथ बालिकाश्रमासाठीं वर्षानुवर्षें दारोदार वर्गणी मागत हिंडला! आपला संकोच ही त्यांनीं एक वस्तुस्थिति मानली, स्वतःविरुद्धचा निकाल मानला नाहीं. म्हणून काम अडलें नाहीं. ज्याची सारी शक्ति स्वतःस फटके मारण्यांत खर्च होते त्याच्या हातून काम होत नाहीं, हें आम्हीं विद्यार्थ्यांत नित्य पाहतों.

मग उरलेले चार आणे कोठें चुकले? एलिस म्हणतात, हा स्वीकार माणसानें केवळ निश्चयानें करावा. दुसऱ्याच्या आधाराची अपेक्षाहि ठेवूं नये. कार्ल रॉजर्स या दुसऱ्या विख्यात मानसोपचारज्ञांचें मत निराळें होतें. उपचारकानें विनाअट आदर दिला म्हणजे रोगी स्वतःस स्वीकारूं लागतो, असें ते म्हणत. त्यावर एलिस यांचा प्रतिवाद असा कीं, दुसऱ्यानें मानलें म्हणून मी स्वतःस मानलें, तर तीहि एक अटच झाली. तर्क बिनचूक आहे. पण तो पंचविशी उलटलेल्या माणसाचा तर्क आहे. दहा वर्षांच्या मुलानें हा निश्चय कोणत्या बळावर करावा? एलिस यांनीं पाउल टिलिक या धर्मचिंतकाचा मोठ्या आदरानें आधार घेतला आहे. परंतु १९५२ सालच्या 'द करेज टु बी'मध्यें टिलिक सांगतात तें असें कीं, आपण स्वीकारास अपात्र असूनहि आपला स्वीकार झालेला आहे, हें मान्य करावें. म्हणजे तेथें कोणीतरी स्वीकारणारा आहे. आमच्या संतांच्या अभंगांत स्वतःस हीन, पतित म्हणण्याची जी रीति आहे, ती वाचून आजचा मानसशास्त्रज्ञ कदाचित् दचकेल. पण तुकोबा हें एकांतांत आरशासमोर म्हणत नाहींत, विठोबासमोर म्हणतात; आणि तो आपल्याला दूर लोटणार नाहीं, याची खात्री त्या बोलण्याच्या मुळाशीं असते. एलिस नास्तिक होते. त्यांनीं स्वीकारणारा वगळला व स्वीकार तेवढा ठेविला. प्रौढ, विचारी माणसास हें साधेल. लहान मुलाच्या बाबतींत ती रिकामी जागा घरानेंच भरून काढली पाहिजे.

तेव्हां त्या गृहस्थांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. पस्तीसाला दोन कमी पडले त्या दिवशीं स्तुति करूं नये. ती खोटी आहे हें मुलास तेव्हांच कळतें. गणित कोठें चुकलें तें दुसऱ्या दिवशीं स्पष्ट सांगावें. त्या रात्रीं मात्र रोजच्याच आवाजांत त्याला जेवावयास हांक मारावी.

पुस्तकांत दोष पुष्कळ आहेत. स्पिनोझा, नीत्शे, बूबर, हायडेगर, सुझुकी अशा थोरांची एकेका प्रकरणांत जी हजेरी घेतली आहे ती फारच धांवती आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यास ती रुचावयाची नाहीं. आणखी एक सूचना करणें आम्ही कर्तव्य समजतों: ज्याची झोंप व भूक उडाली आहे, ज्याच्या मनांत जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार येतात, त्याच्या हातीं पुस्तक देऊन थांबूं नये, त्यास डॉक्टरकडे न्यावें.

आमची प्रत आम्हीं त्या मागच्या बांकावरील गृहस्थांस वाचावयास दिली आहे. दोन महिने झाले, ती अद्याप परत आलेली नाहीं.